इम्पीडन्स सेल मॉनिटर: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

हे यंत्र इलेक्ट्रोडवर वाढणाऱ्या पेशींचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण अडथळा, मोजत राहतं. पेशी ॲरे नावाच्या पट्टीतल्या खाचांत, म्हणजे वेलमध्ये, वाढतात आणि ॲरे होल्डरमध्ये बसतो. एखाद्या वेलचा आलेख रात्रीतून एकदम उसळला, तर पेशींना दोष देण्याआधी होल्डरच्या स्प्रिंग पिना तपासा. आमच्याकडे तेच निघालं. सर्व्हिसवाले म्हणाले, अख्खा होल्डर बदला. अजिबात बदलू नका.

इन्क्युबेटरमधली ३७ अंशांची दमट हवा पेशींना मानवते, पिनांना नाही. मीडियमचा (पेशींच्या पोषक द्रवाचा) थेंब ॲरेच्या पॅडवर, म्हणजे पिना टेकतात त्या जागी, सुकला की क्षार बसतात, मुलामा झिजला की आतला धातू गंजतो आणि संपर्कात जास्तीचा रोध शिरतो. हा रोध सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखेच ओहम वाढवतो, कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मात्र जागेवर राहतो. पेशी मरत असतील तर चित्र उलटं दिसतं: ४ किलोहर्ट्झचा रोध तासातासाने उतरतो आणि इलेक्ट्रोड उघडा पडत गेल्याने ६४ किलोहर्ट्झचा कपॅसिटन्स चढतो.

खात्री करायला जुन्या ॲरेच्या पॅडवर २ किलोओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅराडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये सोल्डर करा. ४ किलोहर्ट्झला इम्पीडन्स सुमारे ४,४५० ओहम यायला हवा, ६४ ला सुमारे २,०१५. दोन्हीकडे रोधाच्या आकड्यात सारखी भर दिसली तर पिनच. हे सामान नाशकात एमजी रोडवर किरकोळ पैशांत मिळतं. पिना मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणाव्या लागतात. लांबी, टोकाचा आकार आणि स्प्रिंगची चाल जुळवून घ्या.

पिना आधी डिस्टिल्ड वॉटरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नुसत्या अल्कोहोलने क्षार नीट निघत नाहीत. पॉलिश पेपर लावलात तर मुलामाच जाईल.

सॉफ्टवेअर सुरुवातीला फारच जुनाट वाटलं होतं. आता ते आवडतं, कारण प्रत्येक फ्रिक्वेन्सीचे कच्चे आकडे जपून ठेवतं आणि वरचं निदान त्यावरच होतं. गिएव्हर आणि कीझ या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेलं, पेशींवर विद्युत मापनाने नजर ठेवण्याचं तत्त्व अजून भक्कम आहे, प्रश्न जोडणीचाच आहे.

नाशिकच्या थंडीत गार ॲरे थेट आत ठेवला की पॅडवर दव धरतं. म्हणून तो आधी कोरड्या ओव्हनमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. मीडियमही कोमट करूनच बदला. गार मीडियममुळे रोध प्रति अंश जवळपास २ टक्क्यांनी वर जातो.

नवं यंत्र घेणाऱ्यांनी सुट्या पिनांचा पार्ट नंबर ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा, नंतर कोणी देत नाही.