ओपन व्हीस्विचच्या टेस्ट फ्रेमवर्कसोबत आठ महिने

आधी हे सांगतो की टेस्ट लिहायची वेळ का आली. इंदूरला खंडवा रोडवर आमची पाच जणांची टीम आहे, छोट्या ऑफिसांचे सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर नेऊन द्यायचे हे काम, आणि त्या मशीन एकमेकींशी जोडायला आम्ही ओपन व्हीस्विच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच, वापरतो. फ्लोचे नियम, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे जाईल हे ठरवणारे, आमचेच, हाताने लिहिलेले. मागच्या वर्षी एका क्लायंटकडे होस्ट रीस्टार्ट केला आणि गेस्ट वायफायवरून अकाउंट्सच्या मशीनला पिंग (पोहोच तपासणारं पॅकेट) जायला लागला. नियम तेच, एक अक्षर बदललेलं नाही. रात्री अकरापर्यंत बसलो तेव्हा सापडलं: दोन फ्लो, दोन्हींची प्रायॉरिटी १००, आणि गेस्टचं पॅकेट दोन्हींना मॅच होत होतं. ओपनफ्लोमध्ये (स्विचला हे नियम द्यायचा प्रोटोकॉल) अशा वेळी कुठला नियम लागेल हे ठरलेलंच नसतं, म्हणजे इतके महिने आमचं नेटवर्क नशिबावर सुरक्षित होतं. त्या रात्री लोकमान्य नगरला घरी जाताना डोक्यात एवढंच होतं की हे परत होता कामा नये.

दुसऱ्याच आठवड्यात पहिली टेस्ट लिहिली. ओपन व्हीस्विचच्या सोर्ससोबत जो टेस्ट सुट येतो तो ऑटोटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर बांधलेला आहे, तीच चौकट आम्ही आमच्या नियमांसाठी घेतली. डमी डेटापाथ, म्हणजे पॅकेट पुढे पाठवणाऱ्या भागाची नक्कल, वापरला की खरं कार्ड नको, रूट परवानगी नको, लॅपटॉपवर पूर्ण स्विच उभा राहतो, नियम भरायचे, मग ऑफप्रोटो/ट्रेस या कमांडला विचारायचं की या पोर्टवरून या पत्त्याला निघालेलं पॅकेट कुठे जाईल. तो प्रत्येक टेबलात कुठला नियम लागला ते दाखवतो आणि शेवटी डेटापाथ अ‍ॅक्शन्स, म्हणजे पॅकेटचं काय होणार ते, छापतो, आपण फक्त ती शेवटची ओळ ‘ड्रॉप’ आहे का ते तपासायचं. गेस्टचा तो नियम आता एका सेकंदाच्या आत तपासला जातो. शिवाय फ्लो टाकताना चेक-ओव्हरलॅप लावलं की एकमेकांवर येणारा त्याच प्रायॉरिटीचा नियम स्विच घेतच नाही, हे आम्हाला आधी माहीत असतं तर ती रात्र वाचली असती.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो घड्याळामुळे, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. स्विच मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) कुठल्या पोर्टवर आहेत ते शिकतो आणि ३०० सेकंद त्या पत्त्यावरून काही आलं नाही तर विसरतो. हे टेस्ट कसं करायचं? आमच्या ज्युनिअरने सरळ स्लीप ३१०, म्हणजे ३१० सेकंद नुसतं थांब, असं लिहिलं. एक टेस्ट पाच मिनिटं, अशा दहा झाल्या की कोणी चालवतच नाही. मग ठिकठिकाणी स्लीप २, स्लीप ५, आणि मशीनवर लोड आला की त्याच टेस्ट पडायच्या, आमचे सीनियर सकाळी येऊन विचारायचे, ‘भिया, कल तो पास थी, आज क्या हुआ?’ आणि कोणाकडेच उत्तर नसायचं. अशी टेस्ट नसलेली बरी, कारण दोन आठवड्यांत लोक लाल रंगाकडे बघणंच सोडतात. डमी मोडमध्ये टाइम/स्टॉप दिलं की स्विचचं घड्याळ थांबतं, आणि टाइम/वार्पने ते मिलिसेकंदात पुढे ढकलता येतं. एक पॅकेट आत सोडा, एफडीबी/शो मध्ये, म्हणजे शिकलेल्या पत्त्यांच्या यादीत, पत्ता दिसतोय बघा, घड्याळ ३१० सेकंद पुढे न्या, पत्ता गेला का बघा. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं. जिथे घड्याळ ढकलता येत नाही तिथे अट पूर्ण होईपर्यंत परत परत तपासणारा ओव्हीएस-वेट-अनटिल मॅक्रो आहे. आता आमच्या सुटमध्ये एकही स्लीप नाही आणि कोणी टाकला तर मी रिव्ह्यूमध्ये थांबवतो.

डमीवर सगळं हिरवं म्हणून निर्धास्त झालो होतो, तेवढ्यात व्हीएक्सलॅनने (एका नेटवर्कची पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारा टनेल) धडा दिला. दोन ऑफिसांमध्ये टनेल, पिंग मस्त, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की अडकायची. आयपीव्ही४ वर व्हीएक्सलॅनच्या गुंडाळणीचे एकूण ५० बाइट जातात, म्हणजे १५०० च्या लिंकवर आत १४५० च एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटची मर्यादा) हवा, आम्ही आत १५०० ठेवला होता. साध्या पिंगचं पॅकेट इतकं छोटं असतं की ते कधी अडकत नाही. हे ट्रेसमध्ये दिसत नाही, त्यासाठी नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवर वेगळी केलेली नेटवर्क) आणि व्हीथच्या जोड्या (त्यांना जोडणाऱ्या आभासी केबल) उभ्या करून खऱ्या कर्नलवर चालणाऱ्या सिस्टिम टेस्ट लागतात, त्यांची कमांड मेक चेक-कर्नल. आता तिथे १४२२ बाइटचा पिंग तुकडे न करता गेलाच पाहिजे आणि १४२३ चा अडलाच पाहिजे अशा दोन ओळी आहेत (आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० धरले की १४५० होतात). या टेस्टना रूट लागतो आणि त्या एकामागून एकच चालतात, त्यामुळे आम्ही या टेस्ट रात्रीच्या वेळी लावून ठेवतो. डमीवरच्या युनिट टेस्ट मात्र जे-८ ने आठ-आठ समांतर चालतात, चहा येईपर्यंत होतात.

त्रास कुठे झाला तर एम४ मध्ये, म्हणजे या टेस्ट ज्या मॅक्रो भाषेत लिहितात तिच्यात. एक चौकोनी कंस विसरला की एरर भलत्याच ओळीवर येतो, पहिला महिना यातच गेला आणि नव्या मुलांना हे शिकवायला वेळ द्यावाच लागतो. दुसरं म्हणजे टेस्टच्या शेवटी स्विच बंद करणारा मॅक्रो लॉग वाचतो आणि अनपेक्षित वॉर्निंग दिसली तर टेस्ट पाडतो. सुरुवातीला याचा वैताग आला, आता मला ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, कारण आमच्या चुकीच्या पोर्ट सेटिंगच्या दोन वॉर्निंग कित्येक महिने लॉगमध्ये येत होत्या आणि कोणी वाचतच नव्हतं.

बाँडिंगच्या (दोन लिंक एकत्र बांधून एकीसारख्या वापरायच्या) टेस्ट अजून बाकी आहेत, एक लिंक तोडली की ट्रॅफिक दुसरीवर जातं का, ते या महिन्यात घेतोय. कोणाला सुरू करायचं असेल तर आधी सोर्स बिल्ड करून टेस्टसुटफ्लॅग्समध्ये -के आणि आपल्या विषयाचा शब्द देऊन तेवढ्याच टेस्ट चालवा, त्यातली एक कॉपी करा आणि त्यात तुमचा तो नियम टाका ज्याला हात लावायची तुम्हाला भीती वाटते.