पाट, जाळी आणि दोन फाटकं

आमच्या घरातलं पहिलं बेबी गेट सासूबाईंनी लावलं, आणि ते फुकट होतं. चिऊ आठव्या महिन्यात रांगायला लागली त्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जेवायचा पाट आडवा उभा केला, मागून तांदळाचा डबा टेकवला आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला असाच अडवला होता." नवरा अडला असेल. चिऊही तीन दिवस अडली. बंड्या अडला नाही. बंड्या म्हणजे आमचा देशी कुत्रा, रस्त्यावरून आणलेला, वय चार, वजन 21 किलो. तो पाटावरून आत गेला ते ठीक. येताना मागचा पाय लागला आणि पाट धाडकन पडला, चिऊच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. त्या रात्री मी मोबाईल घेऊन खरेदीला बसले.

शोधताना एक गोंधळ होतो तो आधी सांगते. आपल्याकडे 'सेफ्टी डोअर' म्हणजे मुख्य दाराबाहेरचं जाळीचं दार. तेच टाकून शोधलं तर चोरांपासून वाचवणाऱ्या वस्तूच दिसत राहतात. 'बेबी गेट' किंवा 'पेट गेट' असं टाका. दोन्ही नावांनी बहुतेक तीच फाटकं दिसतात, फोटोत कधी बाळ असतं तर कधी लॅब्रेडॉर.

आमचं घर नाशिकला, रो-हाउस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधे आतला जिना. म्हणजे दोन जागा अडवायच्या होत्या. स्वयंपाकघराचं कारण तेल-कढई-कुकर एवढंच नव्हतं. बंड्याची जेवायची ताटली तिथे मोरीजवळ असते. चिऊ एकदा त्याच्या ताटलीत हात घालायला निघाली आणि तो गुरगुरला. चावला नाही, उठलाही नाही, फक्त सांगितलं. मला ते कळलं. त्यालाही दिवसातून थोडा वेळ असा हवा की कोणी शेपटी ओढणार नाही. त्यामुळे फाटक कोणाला कोणापासून वाचवायला घेतलं, हे आजही नक्की सांगता येणार नाही.

पैसे वाया घालवले ते जाळीवर. सातशे रुपये. दोन काठ्यांमध्ये ताणलेली नायलॉनची काळी जाळी, भिंतीला चिकटणारे चार हुक, फोटोत एक शहाणं कुत्रं पलीकडे बसलेलं. बंड्याने दुसऱ्या दिवशी खालून नाक घातलं, मग डोकं, मग सगळा बंड्या. हुक निघाला तो डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, कारण 'वस्तू वापरलेली आहे'. ती जाळी आता गच्चीवर कारल्याच्या वेलाला आहे आणि तिथे उत्तम काम करते.

मग घेतलं ते दाबावर बसणारं लोखंडी गेट, पांढरं, 76 सेंटिमीटर उंच, 75 ते 82 सेंटिमीटर रुंदीच्या दारासाठी. तीन हजार चारशे रुपये. भोक पाडायचं नाही. दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार आट्यांचे बोल्ट, त्यांच्या टोकाला रबरी वाट्या, आणि मधली चाकं फिरवली की वाट्या भिंतीवर दाबत जातात. खोक्यावर 'ईएन 1930' छापलं होतं. बाळांच्या फाटकांचं हे युरोपातलं मानक. ते दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पोर दोन वर्षांचं झालं किंवा त्याआधीच चढायला लागलं की फाटक काढायचं, हे घेतानाच लक्षात ठेवा.

खोकं उघडल्यावर मात्र मी जवळजवळ परत पाठवणार होते. फाटक बंद केलं तर कडी खाचेपर्यंत पोचेना. दार आणि चौकट यांच्यात चांगली दोन बोटं फट. वाकडा माल आला असं वाटलं. खाली अभिप्रायांत बघितलं तर निम्मे एक तारेवाले हेच रडत होते. प्रत्यक्षात ते मुद्दामच तसं बनवतात. चौकट खालून जोडलेली आणि वरून मोकळी असते. दारात बसवून वरची चाकं आवळली की दोन्ही बाजू आत दबतात, फट मिटते आणि कडी खट्कन बसते. हाताने नुसतं धरून बघू नका, आधी आवळा.

आता आवळायचं कशावर, हा खरा प्रश्न. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कडप्प्याची पॉलिश केलेली चौकट आहे. त्यावर रबरी वाटी साबणासारखी सरकते. सोबत चिकटपट्टीच्या छोट्या टोप्या येतात, त्या आधी दगडावर लावायच्या आणि वाट्या त्यात बसवायच्या. पहिल्यांदा तशाच लावल्या, रात्रीत निघाल्या. फोडणीच्या तेलाचा थर किती बारीक असतो ते तेव्हा कळलं. मग स्पिरिटने पुसून, कोरडं करून लावल्या आणि एक दिवस हात लावला नाही, तेव्हा धरल्या. दुसरी अडचण चौकटीची. नवऱ्याने दोरीला कुलूप बांधून ओळंबा धरला तर चौकट वरून खाली येईपर्यंत आठ मिलिमीटर हटलेली. म्हणून वरचे बोल्ट कमी आणि खालचे जास्त बाहेर काढावे लागले. हे केलं नाही तर फाटक आपोआप मिटत नाही, अर्ध्यावर लोंबकळतं. मापही एकाच ठिकाणी घेऊ नका. खाली, मधे आणि वर अशी तीन ठिकाणी टेप धरा. खाली स्कर्टिंगची टाइल भिंतीबाहेर आलेली असेल तर ती धरून आणि सोडून, दोन्ही मापं लिहा.

एकदा नीट बसल्यावर ते पक्कं बसलं. चिऊ गज धरून हलवते, बंड्या अंग टेकवून झोपतो, फाटक जागचं हलत नाही. गज उभे आहेत, मधली फट साडेपाच सेंटिमीटर. पहिल्या आठवड्यात बांगडा तळत असताना बंड्या एकदा वरून आला हे कबूल करते. 76 सेंटिमीटर त्याला काहीच नाही. पण पाटावरून उडी मारताना जो आवाज व्हायचा तो गेला, आणि पलीकडे गोणपाट टाकून 'बस' शिकवल्यावर तो आता बसतो. ज्यांचं कुत्रं ऐकणारं नाही त्यांनी मीटरभर उंचीचं घ्यावं. काही फाटकांना खाली मांजरासाठी छोटी खिडकी असते. बंड्याच्या ती काय कामाची, आणि रांगतं बाळ तिथे आधी डोकंच घालून बघणार. मी ती असलेली सगळी बाजूला टाकली.

या फाटकाची कसोटी मात्र मूल किंवा कुत्रं लावत नाही. ती लावतात घरातली मोठी माणसं. उघडायला अंगठ्याने खटका मागे ओढायचा आणि त्याच वेळी दार वर उचलायचं. मला एका हाताने जमतं, कडेवर चिऊ असताना सुद्धा. सासूबाईंच्या अंगठ्यात संधिवात आहे. त्यांना जमेना, आणि त्यांनी कोणाला सांगितलंही नाही. एके दुपारी मी हॉलमधून बघते तर सासूबाई साडी वर धरून फाटक ओलांडताहेत, एका हातात आमटीचं पातेलं! माझ्या पोटात गोळा आला. "आई, हाक का नाही मारलीत?" तर म्हणाल्या, "तेवढ्यासाठी काय हाक मारायची." शिवाय अशा फाटकाला खाली जमिनीलगत आडवी पट्टी असतेच, दोनेक सेंटिमीटर उंच. उंबरठा नसलेल्या घरात पायाला तिची सवय नसते. सासरे दोनदा ठेचकाळले. आम्ही तिच्यावर पिवळी पट्टी चिकटवली, आणि सासूबाईंच्या वेळेला, म्हणजे दुपारी चिऊ झोपल्यावर, फाटक उघडंच ठेवायचं ठरवलं. काटकोनाच्या पुढे ढकललं की ते उघडं राहतं, ही सोय मला आधी फालतू वाटली होती. मंदामावशी लादी पुसायला आल्या की तेवढा वेळही तसंच. त्याआधी त्या बादली लावून ठेवत आणि बादलीत चिऊ हात घालत असे.

म्हणून विकत घेताना मी आता सांगते: दुकानात मांडलेलं असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा आणि त्यांना उघडायला लावा. ऑनलाइन घेणार असाल तर खटका दाबायचा आहे, ओढायचा आहे की उचलायचा, हे व्हिडिओत बघून घ्या.

जिन्यासाठीही असलंच दुसरं मागवू, असं नवरा म्हणत होता. खाली, पहिल्या पायरीशी, चालेल. वर अजिबात नाही. दाबावर बसलेलं फाटक रोज थोडं सैल होतं (आमचं मी दर रविवारी आवळते, गॅसची शेगडी पुसून झाल्यावर), आणि खालची ती पट्टी जिन्याच्या तोंडाशी म्हणजे कडेवर मूल घेऊन खाली जाणाऱ्याला सापळाच. वर भिंतीत स्क्रूने बसणारं हवं, खाली पट्टी नसलेलं, आणि उघडताना खोलीकडे येणारं. जिन्यावर झुलणारं नव्हे.

तसं एक लाकडी मागवलं आणि बसवायला माणूसही त्यांचाच आला. त्याने भिंत न ठोकताच ड्रिल लावलं. आमची वरची भिंत सिपोरेक्सच्या ठोकळ्यांची, आतून पावासारखी. साधा प्लास्टिकचा गट्टू (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो) त्यात फिरत राहतो. चौथ्या दिवशी बंड्याने पुढचे पाय टेकवले आणि वरचा बिजागर गट्टूसकट हातात आला. चिऊ खाली झोपली होती, नशीब. फोन केला तर 'भिंतीची जबाबदारी आमची नाही'. एवढं म्हणायला दोन हजार आठशे घेतले होते. दुसऱ्या बाजूला तर भिंतच नाही, रेलिंगचा गोल पाइप. त्यावर काय बसवायचं याचा त्याने विचारच केला नव्हता.

शेवटी अंबडकडच्या वेल्डिंगवाल्या काकांना बोलावलं. ते आले, भिंतीवर बोटांनी ठोकलं, ऐकलं आणि म्हणाले, "ताई, भिंतीला हातच नको लावायला. दोन्हीकडे पाइपच उभा करू." भिंतीकडचा पाइप खाली स्लॅबच्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आणि दुसरीकडचा रेलिंगलाच जोडला. फाटक एक इंची चौकोनी पाइपचं, 90 सेंटिमीटर उंच. त्यांना मधे वेलबुट्टी हवी होती, फोटो दाखवून झाले, "नुसते गज जेलसारखे दिसतात." मी म्हटलं, जेलच करायचंय. आडवं किंवा नक्षीचं काहीही म्हणजे पोराला शिडी. उभे गज, मधे दोन इंच, खाली जमिनीपासूनही दोन इंच. कडी म्हणून आल्ड्रॉप, जिन्याच्या बाजूने. तो त्यांनी नवाच टाकला, घासत नाही, आणि सासूबाईंच्या हाताला सहज सरकतो. रात्री मात्र दणका वाजतो, म्हणून त्याच्या खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय.

रंगावरून थोडं भांडण झालं. त्यांच्याकडे अर्धा डबा उरलेला ऑइलपेंट होता, मशिनरीचा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं असा नियम 2016 मध्ये झाला, पण तो औद्योगिक रंगांना लागू नाही. दात येणारं पोर गज चावतंच. पावडर कोटिंग करून आणायला लावलं, चार दिवस आणि सहाशे रुपये जास्त गेले. एकूण पाच हजार एकशे. पाचपैकी पाच देते. स्वयंपाकघरातल्याला साडेतीन, अर्धा सासूबाईंच्या पातेल्यासाठी कापला, एक त्या पट्टीसाठी.

चिऊ आता दीड वर्षाची आहे. खटका मागे ओढायचा हे तिला बघून बघून कळलंय, उचलायचं मात्र अजून कळलेलं नाही. कळलं की ते फाटक निघेल. नणंदेने आत्ताच सांगून ठेवलंय, तिच्याकडे डिसेंबरमध्ये बाळ येतंय. तिला म्हटलं, आधी तीन ठिकाणी माप घेऊन पाठव. आणि एक रबरी वाटी नवी आणावी लागेल. चौथी बंड्याने खाल्ली.