जुना सिनेमा पडदाभर बघावा की काळ्या पट्ट्यांसकट?

जुन्या सिनेमाचं नाव काढलं की उठून जाणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे म्हापशाचा भाचा, वय सतरा. त्याची तक्रार नेहमीची: संथ, नाटकी, आवाज चिरका. आवाजाचं बरंचसं खरं आहे. बाकीचं मला वाटतं बऱ्याचदा प्रतीवर अवलंबून असतं.

कारण एकाच सिनेमाच्या दोन तऱ्हेच्या प्रती मिळतात. एक आजच्या रुंद टीव्हीला पुरेल अशी केलेली, दुसरी मूळ चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली.

चवथीला सगळे जमले तेव्हा मी प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ पडदाभर लावला. पट्ट्या बघून पोरं नाक मुरडतील, अशी भीती होती. पण पडदा भरायचा तर चौकोनी चित्राची वरखाली मिळून जवळजवळ पाव उंची कापावी लागते. तुकाराम झालेल्या पागनीसांचं पागोटं अर्धं गेलं, हात बऱ्याच वेळा दिसेचनात. अभंग गाताना देह कसा डोलतो, हेच त्या सिनेमात बघायचं, आणि तेच चौकटीबाहेर! भाचा म्हणाला, “मामा, हे सगळे इतके चिकटून का उभे राहतात?” त्याला ते नाटकी वाटलं यात त्याचा दोष नव्हता. माझा मात्र जीव तुटला.

दिवाळीत मूळ प्रत लावली. पहिली दहा मिनिटं पट्ट्यांवर कुरकुर झाली, मग कुणी त्यांचा विषय काढला नाही. भाचा शेवटपर्यंत बसला. एका पोरावरून नियम काढू नये, हे मान्य.

पडदाभर प्रतीचीही सोय आहेच. टीव्ही लहान असेल, आजीची नजर अधू असेल, तर मोठे चेहरे बरे पडतात. नुसती गाणी लावायची तरी चालेल. चित्र कापण्याऐवजी ताणलेलं असेल, म्हणजे चेहरे फुगलेले दिसत असतील, तर ते मात्र लावूच नका. कधी कधी ती करामत टीव्हीच्या सेटिंगचीच असते, तेवढं आधी तपासा.

सगळेच जुने सिनेमे चौकोनी नाहीत. १९५९चा ‘कागज के फूल’ सिनेमास्कोप आहे, म्हणजे त्याचं चित्र आजच्या टीव्हीपेक्षाही रुंद, तिथे पट्ट्या वरखाली येतात.

प्रत पारखायची तर सुरुवातीची नामावली बघा. नावांच्या ओळी वर किंवा खाली कापल्या असतील, तर पुढे माणसांचंही तेच होणार.