‘ऑनलाइन’ स्कूल सायकॉलॉजी: अर्जापासून दुसऱ्या सेमिस्टरपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. अभ्यासक्रम चांगला आहे, पैसे पाण्यात गेले असं वाटत नाही, पुन्हा निवडायची वेळ आली तर हाच निवडेन. फक्त नावातला ‘ऑनलाइन’ हा शब्द निम्माच खरा आहे. हे अर्ज भरायच्या आधी कुणी नीट सांगितलं असतं, तर माझे तीन-चार महिने आणि दोन अर्जांची फी वाचली असती.

मी न्यू जर्सीत राहते. मानसशास्त्रात बी.ए. आणि एम.ए. भारतात केलं, मग लग्न, इकडे येणं, मुलगी. पुस्तकं मिटून नऊ वर्षं झाली होती. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावर ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, हातात आल्यावर एका शाळेत पॅरा म्हणून लागले. पॅरा म्हणजे वर्गात एखाद-दोन मुलांच्या शेजारी बसून त्यांचा दिवस पार पाडायला मदत करणारी. तिथे अधूनमधून एक बाई यायच्या, मागे बसून वहीत काहीतरी टिपायच्या, आणि काही आठवड्यांनी त्या मुलाचं वेळापत्रकच बदललेलं असायचं. त्या शाळेच्या सायकॉलॉजिस्ट. मला त्यांची नोकरी हवी होती. कारण इतकंच.

नातेवाइकांना वाटतं मी काउन्सेलर होणार. स्कूल काउन्सेलर वेगळा. स्कूल सायकॉलॉजिस्टच्या कामाचा मोठा भाग म्हणजे मूल्यमापन: मूल का मागे पडतंय हे शोधायचं, कायद्याच्या निकषांत ते बसतं का ते टीमबरोबर ठरवायचं, आणि आयईपी, म्हणजे त्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, लिहायला मदत करायची. न्यू जर्सीत या टीमला चाइल्ड स्टडी टीम म्हणतात: सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि एलडीटीसी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणी तपासणारी तज्ज्ञ शिक्षिका. पालकांनी संमतीची सही केल्यापासून नव्वद दिवसांत चाचण्या, मीटिंग, आराखडा सगळं उरकून तो लागू व्हावा लागतो. या सगळ्याचं मूळ १९७५ च्या केंद्रीय कायद्यात आहे. आज तो आयडिया या नावाने ओळखला जातो. माणसं मात्र कमी पडतात. नॅस्प ही या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना दर ५०० विद्यार्थ्यांमागे एक सायकॉलॉजिस्ट असावा म्हणते. देशाची सरासरी हजाराच्या वर आहे. म्हणून नोकरीची चिंता मला कमी होती, प्रवेशाची जास्त.

सप्टेंबर २०२४ मध्ये शोध सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात फसले. एका विद्यापीठाचा ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’चा मास्टर्स पूर्ण ऑनलाइन, स्वस्त, तीस क्रेडिटचा. अर्ज केला, फी भरली. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वाचलं की या पदवीने कुठल्याही राज्यात शाळेत काम करायचा परवाना मिळत नाही. एज्युकेशनल आणि स्कूल हे दोन शब्द आपल्या कानाला सारखेच वाटतात, पण पहिला माणूस शिकण्याचा अभ्यास करतो आणि दुसरा प्रत्यक्ष मुलासमोर बसतो. आपल्याला हवी असते ती बहुधा ईडीएस, म्हणजे एज्युकेशनल स्पेशालिस्ट: मास्टर्सच्या वर, डॉक्टरेटच्या खाली. नॅस्पच्या निकषांप्रमाणे किमान ६० क्रेडिट, आणि शेवटी १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेतच. तीस क्रेडिटमध्ये सगळं आटोपतं असं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबा.

दुसरी फसगत जास्त बारीक होती. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘आमचा अभ्यासक्रम नॅस्पच्या निकषांना अनुसरून आहे.’ अनुसरून! मान्यताप्राप्त नव्हे. नॅस्पच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. तिथे शिकून पुढे एनसीएसपी हे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतच नाही असं नाही, पण आपण काय शिकलो, किती तास कुठे केले, याचे कागद आपणच जमवून सिद्ध करावं लागतं. मान्यताप्राप्त ठिकाणी ते काम विद्यापीठाने आधीच केलेलं असतं. मला कागदांचा कंटाळा आहे, मी तो रस्ता सोडला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी सगळ्यात शेवटी विचारली. परवाना विद्यापीठ देत नाही, राज्य देतं. टेक्सासमध्ये या पदाचं नाव वेगळं, तिथे एलएसएसपी म्हणतात. कॅलिफोर्नियात पीपीएस क्रेडेन्शियल लागतं. न्यू जर्सीत तर इंटर्नशिपलाच एक्स्टर्नशिप म्हणतात, आणि त्यावरून एका परराज्यातल्या विद्यापीठाच्या ऑफिसशी माझे चार ईमेल वाया गेले, कारण आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे दोघांनाही कळत नव्हतं. म्हणून निबंध लिहायच्या आधी प्रत्येक ठिकाणी एकच ईमेल पाठवा: मी अमुक राज्यात राहते, तुमच्या पदवीवर मला इथला परवाना मिळेल का, आणि प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकता शिकता करायच्या प्रत्यक्ष कामाची, शाळा कोण शोधणार, तुम्ही की मी? परवाना लागणाऱ्या व्यवसायांचे अभ्यासक्रम कुठल्या राज्यात चालतात ते विद्यापीठांना जाहीर करावंच लागतं; १ जुलै २०२४ पासून हे नियम आणखी कडक झाले आहेत. त्यामुळे उत्तर मिळतं. गोलमोल मिळालं तर तेही उत्तरच समजा. मी हा ईमेल उशिरा पाठवला, आणि ज्या विद्यापीठाचा अर्ज भरून मोकळी झाले होते त्यांनी कळवलं की न्यू जर्सीतले विद्यार्थी आम्ही घेत नाही. ती दुसरी फी.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, भारतातून आलेल्या सगळ्यांची तीच कथा. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन लागलं. तिथलं काम ठरल्या वेळेत झालं. माझ्या जुन्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला अकरा आठवडे लागले. तिथे माझ्या चुलतभावाने किती खेटे घातले ते विचारू नका. जीआरई ही प्रवेशपरीक्षा माझ्या चारही ठिकाणी मागितली नव्हती. शिफारसपत्रांचं प्रकरण मात्र मजेशीर. एम.ए.च्या सरांना फोन केला, त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि पोर्टलने त्यांचा ईमेल नाकारला: संस्थेचाच पत्ता हवा.

“सर, कॉलेजचा ईमेल चालू आहे का?”

“अगं, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता मला कॉलेजचा शिपाईसुद्धा ओळखत नाही.”

शेवटी प्रवेश ऑफिसशी बोलून ते पत्र पीडीएफने चाललं. दुसरं पत्र माझ्या शाळेतल्या त्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी दिलं, आणि माझा अंदाज आहे की प्रवेश त्याच पत्राने मिळाला. शाळेत काम करत असाल तर आजच जाऊन तुमच्या टीममधल्या कुणाशी ओळख काढा. दहा वर्षांपूर्वी तुम्ही वर्गात हुशार होतात, हे कुणाला फारसं ऐकायचं नसतं.

निबंधाची पहिली प्रत लिहिली ती ‘मला लहानपणापासून मुलांची आवड’ या थाटाची. एका मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली, हे तर पाळणाघराच्या नोकरीला पण चालेल. लागलं, पण बरोबर होतं. मग एका मुलाबद्दल लिहिलं (ओळख पटेल असं सगळं बदलून). घरी वेगळी भाषा बोलणारा, वर्गात गप्प, सूचना अर्धवट पाळणारा. सगळ्यांना वाटत होतं त्याला शिकण्यात अडचण आहे. मला दिसत होतं की मधल्या सुट्टीत तोच मुलगा इतरांना खेळाचे नियम समजावून सांगतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त शंका होती, आणि ती शंका तपासायची कशी हे मला शिकायचंय, इतकंच लिहिलं. दोन पानं. मुलाखतीत त्याच्यावरच निम्मा वेळ गेला.

मुलाखत फेब्रुवारीत, झूमवर, चाळीस मिनिटं, दोन प्राध्यापक. एक प्रसंग दिला: शिक्षिका म्हणते मुलाची तपासणी लगेच करा, आई म्हणते माझ्या मुलाला काही झालेलं नाही. तुम्ही काय कराल? मी आधी संमतीबद्दल बोलले, मग आईचं म्हणणं नीट ऐकण्याबद्दल. आपल्याकडच्या आया असं का म्हणतात ते मला शिकवायला नको होतं! पुढे भाषेचा विषय निघाला. १९७० चा कॅलिफोर्नियातला डायना खटला मी वाचून गेले होते: स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीत आयक्यू चाचण्या देऊन मतिमंद ठरवलं होतं. तो खटला मिटला तेव्हा मुलाची तपासणी त्याच्या भाषेतही व्हावी असं मान्य झालं. हे सांगितल्यावर समोरच्या बाई पहिल्यांदा हसल्या. खटला पाठ करून जा असं मी म्हणत नाही. पण या क्षेत्राच्या चुका या क्षेत्राला आठवतात, हे माहीत असलेलं बरं.

मार्चमध्ये प्रवेश मिळाला. साठ क्रेडिट, क्रेडिटमागे ६२० डॉलर, अर्धवेळ चार वर्षं. एच-फोरवर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, त्यामुळे दर सेमिस्टरला घरात हिशेबाची वही निघते. भारतातल्या एम.ए.चं एकही क्रेडिट धरलं नाही. वाईट वाटलं, पण चाचण्या आणि कायदे इथलेच शिकावे लागणार, तेव्हा वाद घातला नाही. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घेऊन यायचा विचार असेल तर सावध: पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून टिकायला सेमिस्टरला साधारण एकच ऑनलाइन कोर्स धरतात, तेव्हा हा मार्ग तुमच्यासाठी नाहीच. भारतात बसून करायचा तर प्रश्नच येत नाही, तास इथल्या शाळांत भरायचे असतात.

आता प्रत्यक्ष वापर. ऑगस्टपासून मंगळवार-गुरुवार संध्याकाळी दोन-दोन तास वर्ग. कॅमेरा चालू ठेवायचा, रेकॉर्डिंग बघून हजेरी लागत नाही. मुलीचं जेवण आणि वर्ग एकाच वेळी. पहिल्या सेमिस्टरमध्ये कायदा आणि नीतिनियम शिकताना मी एका हाताने पोळ्या लाटल्या आहेत. शिक्षक चांगले, बहुतेकांनी शाळांत वर्षानुवर्षं काम केलेलं. चर्चेसाठी दर आठवड्याला जे लेखी उत्तर टाकायचं आणि दोघांना प्रतिसाद द्यायचे असतात, तो मात्र शुद्ध वेळकाढूपणा. बावीस जण एकमेकांना ‘छान मुद्दा मांडलास’ म्हणतो.

दुसऱ्या सेमिस्टरला बुद्धिमापन आलं आणि ‘ऑनलाइन’ संपलं. डब्ल्यूआयएससी-फाइव्ह ही चाचणी ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. विद्यापीठाने संच पोस्टाने पाठवला, सेमिस्टर संपल्यावर परत करायचा, एक ठोकळा हरवला तरी दंड. सराव खऱ्या मुलांवर करायचा, पालकांची लेखी परवानगी घेऊन, आणि प्रत्येक चाचणीचा व्हिडिओ सुपरवायझरला पाठवायचा. सूचना पुस्तिकेत लिहिल्यात तशाच, शब्दन् शब्द वाचायच्या. मूल अडलं की आपला जीव वरखाली होतो, तोंडातून ‘शाब्बास, जवळ आलास’ निघतं, आणि झालं, गुण गेले. माझे नाही, चाचणीचे! पहिल्या व्हिडिओत माझ्या सतरा चुका निघाल्या. सुपरवायझरने शेवटी लिहिलं होतं, तुमचा चेहरा उत्तर सांगतो. आता मी बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर निर्विकार बसायचा सराव करते. नवऱ्याला हे फार आवडलंय.

मुलं मिळवायची कुठून? अर्थात ओळखीतली. इथे आपल्या मराठी मंडळींनी मदत केली आणि छळही केला. सरावाच्या चाचणीचा निकाल पालकांना सांगायचा नसतो, कारण मी अजून शिकाऊ आहे, त्या आकड्याला अर्थ नाही. हे फॉर्मवर लिहिलेलं असतं, सही झालेली असते, आणि तरी दारात चपला घालता घालता प्रश्न येतोच: “तरी पण, साधारण किती?” एका काकांनी तर ‘एकशे तीसच्या वर की खाली, एवढंच सांग’ म्हणून भाव करून पाहिला.

उन्हाळ्यात दहा दिवस कॅम्पसवर जावं लागणार आहे, विमान आणि राहणं आपल्या खर्चाने. हे प्रवेशाच्या पत्रात होतं, जाहिरातीत नव्हतं. ही माझी खरी तक्रार. दुसरी प्रॅक्टिकमची. ‘शाळा शोधायला आम्ही मदत करतो’ याचा अर्थ त्यांनी मला एक नमुना ईमेल पाठवला. मी आतापर्यंत नऊ स्कूल डिस्ट्रिक्टना (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं) लिहिलंय. चार गप्प, तीन नाही म्हणाले, एकाने पुढच्या वर्षी विचारा म्हटलं. नववं माझंच डिस्ट्रिक्ट, तिथे त्या बाई माझ्यासाठी शब्द टाकतायत, आणि पार्श्वभूमी तपासणीसाठी बोटांचे ठसे आधीच दिलेले असल्यामुळे निदान तो टप्पा वाचेल. शेवटच्या वर्षी इंटर्नशिपसाठी पॅराची नोकरी सोडावी लागेल. अर्धवेळ दोन वर्षांत करायची सोय आहे, पण तशी जागा देणारी शाळा मिळायला हवी. नवरा आणि मी यावर अजून एकमत झालेलो नाही.

तरीही परत हाच निवडेन, असं वर लिहिलंय, ते का? परवा शाळेत त्या बाईंनी एक जुना अहवाल दाखवला, नाव झाकून. एक वर्षापूर्वी मी त्यातला फक्त शेवटचा परिच्छेद वाचला असता. आता मला दिसलं की मुलाचे शब्दांचे गुण कमी आणि ठोकळ्यांचे चांगले आहेत, घरच्या भाषेबद्दल एका ओळीत उरकलंय, आणि वर्गात निरीक्षण केल्याची नोंदच नाही. “हे कुणी लिहिलं?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मीच, माझ्या पहिल्या वर्षी.”

शनिवारी सकाळी साडेनऊला शेजारचा सात वर्षांचा मुलगा येणार आहे, माझी सहावी चाचणी. त्याच्या आईला काल रात्रीच मेसेज करून ठेवलाय: खाऊ देईन, आकडा देणार नाही. तिचा अंगठा आलाय. बघू.