गुणाकार म्हणजे परत परत बेरीज: वर्षभर वर्गात वापरल्यावर

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. सुरुवात करून द्यायला ही रीत झकास आहे. दिवाळीनंतरही तिलाच धरून बसलात तर मात्र पोरं बेरजेतच रुतून बसतात. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि त्यातला अर्धा चिंचोक्यांचा.

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातली. तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत, फळ्याच्या मधोमध रेघ मारून. गुणाकाराची ओळख दुसरीत झालेली असते. तरी तिसरीत येणाऱ्या पोरांपाशी पाढे असतात, त्यांचा अर्थ नसतो. ‘पाच चोक वीस’ धडाधड म्हणणाऱ्याला विचारा, पाच-पाच चिंचोक्यांचे चार वाटे, एकूण किती? उत्तर येतं, ‘नऊ.’ म्हणून यंदा जूनपासूनच ठरवलं होतं की पाढे म्हणून घेणं चालू ठेवायचं (बंद केलं की आधी पालकच येतात, ‘म्याडम, पाढे घ्यायचे सोडले का?’), पण गुणाकार शिकवायचा तो वस्तू हातात देऊन, परत परत बेरजेनं.

साहित्याला खर्च जवळपास शून्य. चिंचोके, काड्या, गणितमाळ, दुकानातून आणलेला अंड्यांचा रिकामा ट्रे आणि चौकटीच्या वह्या. पैसे फक्त वह्यांना लागले.

चांगलं काय ते आधी. आमच्याकडं पावसाळा सरता सरता सीताफळं येतात आणि रस्त्याच्या कडेला त्यांचे वाटे लागतात. वर्गातली निम्मी पोरं सुट्टीच्या दिवशी आईसोबत तिथंच बसलेली असतात. एका वाट्यात पाच फळं, असे सहा वाटे, हा हिशेब त्यांना शिकवावा लागत नाही, वहीत कसा मांडायचा तेवढंच दाखवावं लागतं. ५ + ५ + ५ + ५ + ५ + ५ असं लिहून हात दुखायला लागला की ‘म्याडम, ह्याला आखूड काही हाय का?’ हा प्रश्न पोरांकडूनच येतो. मग ५ × ६ लिहायचं. गुणाकाराच्या खुणेची गरज आधी वाटली आणि खूण नंतर आली, ही या रीतीची सगळ्यात मोठी कमाई. तिसरीच्या अध्ययन निष्पत्तींमध्ये (म्हणजे त्या इयत्तेत पोरांना काय यायला हवं त्याच्या यादीत) २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे पोरांनी तयार करावेत असं म्हटलंय, नुसते पाठ करावेत असं नाही. तयार करणं म्हणजे नेमकं काय, ते चिंचोके मांडताना दिसतं.

दुसरा फायदा विसरण्याच्या वेळी कळतो. ‘सात आठी’ आठवेना तर पाठ करणारं पोरगं ‘सात एके सात’पासून सगळी गाडी पुन्हा सुरू करतं, नाहीतर डोळे फिरवून छताकडं बघतं. बेरजेवरून शिकलेलं पोरगं ‘सात पंचे पस्तीस’ला उभं राहतं आणि तिथून सात-सात चढतं: बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन. शेजारचं माहीत असलं की पुढचं एक पाऊल टाकून गाठायचं, हे काही कच्चं गणित नव्हे. जुझेप्पे पेआनो या इटालियन गणितज्ञानं १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांचे नियम मांडले, त्यात गुणाकाराची व्याख्या अशीच आहे: आधीच्या गुणाकारात एक गट आणखी मिळवा.

आता खोट. पहिली खोट अशी की, ती वह्या तपासल्याशिवाय दिसतच नाही. ८ × ७ चं उत्तर वर्गात चार-पाच जणांनी ६४ काढलं होतं. चुकून नव्हे, अगदी नीट बेरीज करून. एकीला जवळ घेऊन परत करायला लावलं. तिनं आधी ८ लिहिला. मग म्हणाली, ‘आता सात वेळा मिळवायचं.’ एक बोट मुडपलं, सोळा. दुसरं मुडपलं, चोवीस. अशी सात बोटं मुडपून ती चौसष्टला पोचली आणि माझ्याकडं विजयी नजरेनं बघायला लागली. बोटांची मोजणी बरोबर, बेरीज बरोबर. फक्त पहिला आठ मोजणीत धरलाच नव्हता. ८ हा आकडा सात वेळा एका ओळीत लिहिला तर अधिकची चिन्हं सहाच येतात, आणि ‘सात वेळा मिळवा’ म्हटलं की पोरं चिन्हं मोजतात. यावर उपाय सापडला तो संख्यारेषेचा. जमिनीवर खडूनं रेषा आखली, शून्यावर उभं राहायचं आणि आठ-आठच्या उड्या मारायच्या. शून्यापासून आठवर जाणं ही पहिली उडी. त्यानंतर ‘मिळवा’ हा शब्द मी वर्गातून जवळजवळ काढूनच टाकला. आता ‘उड्या किती?’ किंवा ‘वाटे किती?’ एवढंच विचारते. ६४ यायचे थांबले. तुमच्याकडं ही चूक होत नाही असं वाटत असेल तर एकदा ९ × ६ देऊन त्रेसष्ट कोणाचं येतंय ते बघाच.

पाच एके पाच हे प्रकरणही या रीतीत जरा अवघडच. ‘एकदाच हाय तर बेरीज कशाची?’ असं एकानं विचारलं आणि त्याचं बरोबरच होतं. शून्याचं तर विचारूच नका. शून्य फळांचे पाच वाटे पोरं हसत सांगतात, पण पाच फळांचे शून्य वाटे म्हटलं की निम्म्यांचं उत्तर पाच येतं, कारण फळं तर हायेत की! इथंही उडीच कामाला आली. उडीच मारली नाही तर शून्यावरच उभे.

खरी अडचण सुरू होते ती क्रमापाशी. माझ्या वर्गात पहिला आकडा म्हणजे वाट्यातली फळं आणि दुसरा म्हणजे वाटे, कारण आपला पाढाही तसाच चालतो, पाच त्रिक पंधरा. मोबाईलवरच्या कितीतरी व्हिडिओंत मात्र पहिला आकडा गटांचा असतो. घरी मोठ्या भावाच्या मोबाईलवर बघून आलेलं पोरगं वर्गात भांडायला लागतं. दोन्ही बरोबर आहेत म्हणून सांगितलं तर वाटे मांडून दाखवणारी पोरं ऐकत नाहीत, आणि त्यांचंही खरंच आहे. पाच फळांचे तीन वाटे विकणं आणि तीन फळांचे पाच वाटे विकणं, बाजारात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग ५ × ३ आणि ३ × ५ सारखे का, हे परत परत बेरजेनं पटवता येत नाही. ५ + ५ + ५ पंधरा आणि ३ + ३ + ३ + ३ + ३ पण पंधरा, एवढंच दिसतं, का ते दिसत नाही.

ते दिसतं अंड्यांच्या ट्रेमध्ये. तीस खड्ड्यांचा ट्रे, एका बाजूनं बघितला तर पाच-पाचच्या सहा ओळी, फिरवून धरला की सहा-सहाच्या पाच. एक खड्डा वाढला नाही, एक कमी झाला नाही. ट्रे फिरवला त्या तासाला वर्ग क्षणभर गप्प होता, मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘म्हंजे निम्मेच पाढे पाठ करायचे की!’ अगदी निम्मे नाही, पण जवळपास. हे एवढं कळलं की आठचा पाढा येत नसला तरी ८ × ३ साठी तीनचा पाढा वापरता येतो.

यानंतर मी चौकटीच्या वहीवर आले आणि वाटे मागं पडले. १४ × ६ बेरजेनं करायचं तर चौदा-चौदा सहा वेळा, मध्ये हातचे, चुका ठरलेल्या. वहीत चौदा चौकटी रुंद आणि सहा उंच असा आयत काढायचा, दहावर उभी रेघ मारायची. डावीकडं साठ, उजवीकडं चोवीस. चौथीतला उभा गुणाकार आणि त्यातले हातचे कुठून येतात, हे त्या एका रेघेनं जेवढं कळलं तेवढं माझ्या बोलण्यानं कधी कळलं नव्हतं. चौथीची पोरं तर पुढं २३ × १५ ला चार तुकडे करायला लागली. बेरजेच्या वाटेनं तिथं पोचायला तेवीस पंधरा वेळा लिहावे लागले असते.

आमच्या भागाची एक गोष्ट मात्र कुठल्याच शिक्षक हस्तपुस्तिकेत नसते. दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. हंगामी वसतिगृहात काही राहतात, सगळी नाही. परत येतात ती थेट गुढीपाडव्याच्या आगंमागं. यंदा जी पोरं आयत शिकायच्या आत गेली ती आली तेव्हा पाढे बरेच विसरली होती. पण वाटे मांडून उत्तर काढणं त्यांच्याकडं शाबूत होतं. तेवढ्यासाठी मी या रीतीचे गुण कापत नाही. उलट, एका पोरानं मला मोळ्यांवर हिशेब करून दाखवला, तिथं फडात त्याचा तो रोजचाच झाला होता. पण त्याच पोरांना २३ × १५ दिलं की ती अजूनही तेवीस लिहीत सुटतात. आयत दिवाळीच्या आत झाला असता तर हे झालं नसतं.

आता अपूर्णांकांकडं येते, कारण रीत खरी मोडते ती तिथं. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, आईनं साडेसात किलो कापूस वेचला, वेचणी किलोला दहा रुपये, तर किती? दहा सात वेळा ठीक. साडेसात वेळा मिळवायचं कसं? तिनंच उत्तर दिलं, ‘शेवटची अर्धी उडी.’ पंच्याहत्तर. उडी अर्धी होऊ शकते, बेरीज अर्धी होत नाही, म्हणून संख्यारेषा आधीच आणून ठेवल्याचा फायदा असा झाला. पण ८ × अर्धा म्हटलं की वर्ग गडबडला. उत्तर चार? गुणाकार करून कमी झालं? वर्षभर मिळवत गेलं की वाढतंच, हे डोक्यात इतकं पक्कं बसतं की पुढं पाचवी-सहावीत ते उखडून काढायला वेळ लागतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र याचं काहीच वाटत नाही. एका पोराच्या आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीचचे पाढे) सगळं तोंडपाठ. पावकीत आकडा लहानच होतो, आणि त्यांना तो पाढाच वाटतो. त्यांना एकदा वर्गात बोलावलं होतं. पोरं खूश झाली. मला वाटतं निमकी आणि दिडकी एवढं तरी चौथीत तोंडी घ्यायला हरकत नाही.

यावर मोठा वादही झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले गणितज्ञ कीथ डेव्हलिन यांनी २००८ मध्ये शिक्षकांना बजावलं होतं की गुणाकार म्हणजे परत परत बेरीज असं पोरांना सांगू नका, पूर्ण संख्यांत उत्तर तेच येतं, पण क्रिया वेगळी आहे. पुढं अपूर्णांक आले की शिकवलेलं पुसावं लागतं, हा त्यांचा मुद्दा कापसाच्या गणितापाशी मला पटला. पण वाटे न मांडता तिसरीतल्या पोराला गुणाकार सांगायचा कुठून, ते माझ्या वर्गात बसून कुणी दाखवावं. माझा मधला मार्ग असा: वस्तूंवर मोजताना ‘वाटे’ म्हणायचं, बेरजेनं उत्तर काढू द्यायचं, पण ‘गुणाकार म्हणजेच बेरीज’ हे वाक्य फळ्यावर लिहायचं नाही.

घ्यावी कुणी? दुसरी-तिसरीच्या शिक्षकांनी डोळे मिटून घ्यावी. घरी शिकवणाऱ्या आईबापांनीही, पण ‘सात वेळा मिळव’ न म्हणता. चौथीला नव्यानं सुरू करू नये, तिथं थेट आयत. पुढच्या वर्षी मी वाटे जून-जुलैतच उरकून पोळ्याच्या सुमारास ट्रे आणि वह्या काढणार आहे, म्हणजे गाड्या भरायच्या आत सगळ्यांचे आयत होतील. वही घेताना मोठ्या चौकटीची बघून घ्या. लहान चौकटीत तिसरीच्या पोरांच्या पेन्सिलीची रेघ शेजारच्या घरात जाते, आणि मग चौदाच्या जागी पंधरा चौकटी मोजल्या जातात.