कपाटातल्या दमटपणासाठी डबा, पुड्या की कोळशाची पिशवी?

आमच्या रत्नागिरीत जुलै लागला की कपाटाला कुबट वास ठरलेलाच. म्हणून यंदा तिन्ही प्रकार ऑनलाईन मागवले, पांढऱ्या दाण्यांचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि कोळशाची पिशवी. तिन्हींवर छापलंय ‘मॉइश्चर अ‍ॅब्सॉर्बर’, पण खरं अ‍ॅब्सॉर्ब करणारा एकटा डबाच आहे.

डब्यात असतं कॅल्शियम क्लोराइड. पाणी त्याच्या पार आत शिरतं, आधी स्फटिकातच जवळपास स्वतःच्या वजनाइतकं मावतं आणि मग ते मीठ त्याच पाण्यात विरघळायला लागतं. सुरुवातीला दाण्यांचा दगडासारखा गठ्ठा झाला तर आई म्हणाली माल खराब आलाय, पण नंतर खालच्या कप्प्यात थेंब थेंब पाणी साठायला लागलं. ते पाणी खारट असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, चामड्याच्या पर्सवर किंवा पैठणीच्या जरीवर सांडलं तर वाट लागेल, त्यामुळे डबा सगळ्यात खालच्या फळीवर आणि सपाटच ठेवा. भरला की ओतून टाकायचा, घरी परत वापरता येत नाही.

सिलिका जेलचं वेगळंय. दाण्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात, पाणी त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतं, सिलिकात मुरत नाही. हे अ‍ॅड्सॉर्प्शन, शाळेच्या भाषेत अधिशोषण. एका ग्रॅमला 700-800 चौरस मीटर भिंत, म्हणजे आठ-नऊ बॅडमिंटन कोर्टं! तरी दाणा हाताला कोरडाच लागतो. नारंगी दाणे हिरवे झाले की पुडीतून काढून ओव्हनमध्ये 110-120 अंशाला तापवा, पाणी सुटतं आणि दाणे परत तयार. पण फार तर वजनाच्या 35-40 टक्केच पाणी धरतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या डब्याला मस्त, दार सारखं उघडणाऱ्या कपाटाला चार पुड्या म्हणजे चेष्टा.

कोळसाही अधिशोषणवालाच, पण त्याची ओढ पाण्यापेक्षा वासाच्या रेणूंकडे जास्त. बुटांच्या रॅकमध्ये छान चालला, कपड्यांचा दमटपणा जैसे थे. आणि ‘दोन तास उन्हात ठेवा, नव्यासारखी होते’ हे जे पिशवीवर लिहिलंय ते जरा जास्तच, उन्हाने थोडं पाणी जाईल पण चिकटलेला सगळा वास त्या तापमानाला सुटत नाही.

डब्याला चार स्टार, पुड्यांना तीन, पिशवीला दोन. डब्याचा एक कापला कारण वरचा पांढरा कागद एका कडेला नीट चिकटवलेला नव्हता, आल्या आल्या तेवढं बघून घ्या.