काळ्या दारूशिवाय पॅराशूट: सैल टोपी, चावी की सेन्सर?

पाण्याच्या रॉकेटला पॅराशूट बसवायचं मनात असेल, तर आधी वेळेचा हिशेब बघा. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलच्या पंपाने ६० पीएसआय हवा. रॉकेट तीसेक मीटर वर जातं आणि अडीच-तीन सेकंदांत त्याचा दम संपतो. पॅराशूट सुटायची वेळ तीच. एक सेकंद उशीर झाला, की रॉकेट ५ मीटर खाली आलेलं असतं आणि वेग सेकंदाला १० मीटर झालेला असतो. कापड कुठलंही चालतं. पॅराशूट ठेवलेल्या कप्प्याचं दार वेळेवर उघडणं, एवढंच अवघड.

परदेशातले हौशी लोक हे दार चिमूटभर काळ्या दारूने, म्हणजे बंदुकीच्या दारूने, उडवतात. आमचा जिल्हा वर्धा, दारूबंदीचा. इथे हा शब्द काढला की आधी लोक गालात हसतात. स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात, म्हणजे आम्हाला जवळच. तरी सातवी-आठवीच्या पोरांसाठी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. दार ढकलायला वापरतात त्या दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या नळ्यांचंही तसंच, त्या फोडणाऱ्या बऱ्याच तयार साधनांत पुन्हा थोडी दारूच असते.

सगळ्यात स्वस्त उपाय सैल टोपीचा. दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून रॉकेटच्या डोक्यावर नुसता ठेवायचा, आत पॅराशूटची घडी. वर जाताना हवा टोपीला दाबून धरते, वेग संपला की ती आपोआप निसटते. आम्ही पहिल्यांदा हेच केलं आणि फसलो. रॉकेट सरळ जावं म्हणून वजन पुढे हवं, म्हणून मी टोपीतच ओल्या मातीचा गोळा थापला. पाणी संपताक्षणी पंख असलेलं मागचं धड हवेने अडलं, जड टोपी मात्र तशीच पुढे निघाली. "सर, टोपी तं निघाली ना!" पोरं ओरडली. भर वेगात उघडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्या तुटल्या, टोपी धुऱ्यापलीकडच्या तुरीत गेली. तेव्हापासून माती धडाच्या वरच्या टोकाला, टोपी हलकी. आता दहातले सहा-सात वेळा जमतं. नुसती मजा करायची असेल, तर इथेच थांबा.

हवेच्या दाबाने मिटून राहणारी बाजूची झडप लोक सुचवतात. रॉकेट जरा तिरकं गेलं, की शेंड्यावरही त्याला आडवा वेग उरतो आणि झडप उघडतच नाही. आमच्या उघड्या वावरात सरळ उड्डाण क्वचितच मिळतं. मी तो नाद सोडला.

माझं मत चावीला. जत्रेतलं चावीचं खेळणं फोडून त्यातली दातेरी चाकं काढा. फिरणाऱ्या दांडीला छोटा आडवा काटा लावा, बाजूचं दार धरून ठेवणारं रबर त्यात अडकवा. काटा फिरला की रबर सुटतं आणि दारामागची वाकवलेली प्लास्टिकची पट्टी घडी बाहेर ढकलते. यंत्र अडवणाऱ्या टाचणीची दोरी जमिनीतल्या खुंटीला बांधायची. रॉकेट उडालं की टाचणी मागे राहते. अडीच सेकंद जुळवायला आमची एक अख्खी दुपार गेली, मोबाइलच्या स्लो मोशनवर मोजत. दोष एकच: चावीला रॉकेट कुठे आहे ते कळत नाही. हवा कमी भरली तर रॉकेट आधीच परत फिरतं. म्हणून दर वेळी पाणी मापून आणि दाब तोच.

सेन्सरला ते कळतं. अर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, बीएमपी २८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर आणि दार उघडायला ९ ग्रॅमची सर्वो मोटर. साधारण साडेआठ मीटर वर गेलं की हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटतो, आणि हा सेन्सर मीटरभराचा फरक ओळखतो. दाब घटायचा थांबून वाढू लागला की दार उघडायचं. पण वाऱ्याच्या झोताने आकडे नाचतात, जमिनीवरच दार उघडतं. म्हणून १० मीटरच्या खाली काही करू नको, असं प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. शिवाय पाणी, ऊन आणि सुटणाऱ्या वायरी. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांना उंचीचा आलेख दाखवायचा असेल तरच हा खर्च करा, आणि आधी चावीवर दहा उड्डाणं झालेली असू द्या.

कापडाचं थोडक्यात. कचऱ्याच्या पिशवीची घडी मे महिन्यात चिकटून बसते, टाल्कम पावडर लावावी लागते. जुन्या छत्रीचं कापड उत्तम: आठ पाकळ्या आयत्या शिवलेल्या, फक्त कापून व्यास ६० सेंटिमीटर करा, दोऱ्याही निदान तेवढ्याच लांब. पाव किलोचं रॉकेट सेकंदाला साडेचार मीटरने उतरतं. अख्खी छत्री लावली तर तीनने, पण मग वारा त्याला दूर नेतो. आमचं असंच एक शेजारच्या संत्र्याच्या बागेत गेलं, आंबिया बहाराच्या दिवसांत, आणि मालकाने पुढचे पंधरा दिवस पोरांना धुऱ्यावर उभं राहू दिलं नाही.